शेऱ्याचा रकाना

१०४३

"हा जिंकायला खेळतच नाही," वेल्हाळदादा म्हणाले. "हा हरू नये म्हणून खेळतो."

पट माझ्यापुढे होता. पलीकडे नवीन आलेले उपअभियंता बसले होते आणि माझा राजा नुकताच कोपऱ्यात अडकून मेला होता. रेश्मा कोळेकर पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. ती हसली. फार नाही, बाटल्या एकमेकींवर वाजल्या एवढंच.

"दादा, तुम्ही बसा की मग," मी म्हणालो.

"मी कशाला? मला कुठं येतंय?" वेल्हाळदादा म्हणाले, आणि पिशवी खांद्याला लावून नदीकडे निघून गेले.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. गावाला पाणी देणाऱ्या जलशुद्धीकरण केंद्रात मी ऑपरेटर होतो. तौफिक मुल्ला इलेक्ट्रिशियन, रेश्मा प्रयोगशाळेत. भालचंद्र वेल्हाळ एक किलोमीटरवर, नदीकाठच्या पंपघरात एकटेच. वय छप्पन्न. बायको नव्हती, मूल नव्हतं. पाळी संपली की ते आमच्याकडे यायचे, आमच्या रजिस्टरातून आकडे त्यांच्या वहीत उतरवून घ्यायचे, कुणाचा डाव चालू असेल तर मागे उभे राहून एखादं वाक्य टाकायचे आणि जायचे.

आम्ही सगळे एका मराठी साइटवर बुद्धिबळ खेळायचो. छोटी साइट, आमच्या जिल्ह्यातले असतील नसतील चारशे लोक. प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा आणि जिल्ह्यातला क्रमांक. माझा आकडा १६४०, क्रमांक सातवा. वेल्हाळदादांचा १०४३, क्रमांक तीनशे अठ्ठ्याऐंशी. त्यांचं खातं मीच काढून दिलं होतं. पासवर्ड म्हणून त्यांनी स्वतःच्या निवृत्तीची तारीख सांगितली. "तेवढी एकच तारीख आपल्याला पाठ आहे," म्हणाले.

१०५१

"निवासभाऊ, सोड की," तौफिक म्हणाला. "दादांची सवयच हाय तसली. मोटर जळली तेव्हा मलाबी म्हणाले, वायरमन घाबरला की वायर जळते."

"रेश्मा हसली."

"मग तिला विचार की का हसलीस म्हणून."

"मला काय विचारायचं?" रेश्मा आतून म्हणाली. "खरं बोलले ते."

मी चहा संपवला. "मी त्यांना जिल्ह्यात एक नंबर करणार आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

अवघड नव्हतं. साइट खेळ बघत नाही, निकाल बघते. मोठ्या आकड्याच्या माणसाला हरवलं की आपला आकडा भराभर वाढतो. म्हणजे आधी मोठ्या आकड्याची माणसं तयार करायची. लॅपटॉपवर बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम चालू करायचा, तो सांगेल ती चाल करायची, चार दिवसांत खातं एकोणीसशेवर जातं. मग ते खातं वेल्हाळदादांशी खेळणार आणि हरणार. व्यवस्थित हरणार. घाम फुटेल इतकं झुंजून, शेवटी एक हत्ती फुकट देऊन.

"आणि मग?" रेश्मानं विचारलं.

"मग ते कुठंतरी बोलतील. कुणाशीतरी खऱ्या पटावर बसतील."

"आणि?"

"आणि काही नाही. बघायचं."

तौफिक हसायला लागला. रेश्मा बाटल्या धूत राहिली. पण दुसऱ्या दिवशी तिनंच एक खातं काढलं: विट्याची सोनाली. तौफिकचं जतचा वजीर. माझी दोन: तासगावकर आणि मास्तर चौसष्ट.

१२६० ते १७०५

आमच्याकडे दर तासाला रीडिंग घ्यावं लागायचं. तास भरायला पाच मिनिटं असताना उठायचं, नमुने घ्यायचे, गढूळपणा मोजायचा, क्लोरीन मोजायचा, रजिस्टरात भरायचं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो बहुतेक रिकामाच. त्यात मी पेन्सिलीनं लिहायला लागलो.

८ वाजता. कच्चं पाणी ३१. शुद्ध पाणी ०.८. क्लोरीन ०.५. शेरा: १२६०.

११ वाजता. कच्चं पाणी ३०. शुद्ध पाणी ०.८. क्लोरीन ०.५. शेरा: १२८९, वजीर पडला.

(पुढचा आठवडा.) १० वाजता. कच्चं पाणी ४४. शुद्ध पाणी १. क्लोरीन ०.६. शेरा: १४१२. मास्तरांनी घोडा दान केला.

१ वाजता. कच्चं पाणी ४२. शुद्ध पाणी ०.९. क्लोरीन ०.५. शेरा: सोनाली हरली, रडली, १४४०. (हे रेश्माचं अक्षर.)

(पुढचा महिना.) ९ वाजता. कच्चं पाणी २६. शुद्ध पाणी ०.७. क्लोरीन ०.५. शेरा: १७०५. आता ते माझ्या वर.

हे शेवटचं लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. माझा खरा आकडा अजूनही १६४०च होता.

१८१२

वेल्हाळदादा बदलले. रोज दाढी करायला लागले. पाळी संपवून आले की आमच्याजवळ बसायला लागले. पूर्वी मागे उभं राहणारा माणूस आता खुर्ची ओढून घ्यायचा.

"काय दादा, आज कुणाला झोपवलं?" तौफिक विचारायचा.

"एक मास्तर आहेत. चांगले खेळतात बिचारे. शेवटी गडबडतात."

"आणि सोनाली?" रेश्मा.

"तिला मी सांगितलं, बाळ, वजीर इतक्या लवकर बाहेर काढू नये."

"ती काय म्हणाली?"

"थँक्यू काका म्हणाली." दादा हसायचे. रेश्मा तोंड फिरवून बेसिनकडे जायची.

ते खरोखर कसं खेळतात ते मला माहीत होतं. घोडा कुठं मारतो हे मोजायला अजून बोट लावायचे.

२०४७

ज्या दिवशी साइटनं त्यांच्या नावापुढे 'जिल्हा क्रमांक १' लिहिलं, त्या दिवशी त्यांनी किलोभर भडंग आणलं. कांदा-कोथिंबीर घरून चिरून आणली होती. रजिस्टरावर कागद पसरून त्यांनी ते कालवलं.

"निवास, तुझं रविवारी काय काम आहे?"

"काही नाही."

"मिरजेला येतोस माझ्याबरोबर? दिगूकडे. माझा थोरला भाऊ."

मग त्यांनी सांगितलं. आप्पांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, एक शिसवी पट होता. सोंगट्या सावंतवाडीच्या. आप्पा रोज संध्याकाळी दिगंबरला घेऊन बसायचे. भालचंद्र मागे लागला की म्हणायचे, तू सोंगट्या पूस. तो पुसायचा. खोबरेल तेलाचं बोट लावून, बत्तीसच्या बत्तीस. आप्पा गेले तेव्हा पट दिगंबरकडे गेला, कारण खेळणारा तोच.

"मी पट मागणार आहे," वेल्हाळदादा म्हणाले. "आकडा दाखवणार आणि मागणार. बरोबर कुणीतरी असावं. तू खेळातला माणूस आहेस."

ते गेल्यावर रेश्मा म्हणाली, "आता सांगून टाक त्यांना."

"रविवारनंतर."

"निवास, तो त्यांचा भाऊ आहे."

"सोनालीला इतकं वाईट वाटत असेल तर तिनं सांगावं," मी म्हणालो.

सोनालीनं सांगितलं नाही.

२०४७

दिगंबर वेल्हाळ बँकेतून निवृत्त झालेले, उंच, गोरे. कंपवात झाला होता. उजवा हात मांडीवर ठेवला तरी पायजम्याची घडी थरथरायची. वहिनींनी पोहे दिले. भिंतीजवळच्या स्टुलावर पट होता, वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर औषधांचा डबा.

वेल्हाळदादांनी पोहे अर्धे टाकले आणि फोन पुढे केला. "दिगू, हे बघ."

दिगंबरकाकांनी चष्मा चढवला. बराच वेळ बघितलं. "जिल्ह्यात पहिला?"

"हो."

"तू?"

"मी."

काकांनी फोन वहिनींना दाखवला. "बघ गं. आमचा भालू." त्यांचे डोळे खरंच भरले होते. "आप्पांनी चुकीच्या पोराला शिकवलं म्हणायचं. मी गेली वीस वर्षं सोंगटीला हात लावला नाही. आता हात लावला तर चार सोंगट्या पडतात." ते उठले, औषधांचा डबा बाजूला ठेवला, रुमाल काढला. "घेऊन जा. तुझाच आहे."

वेल्हाळदादांनी दोन्ही हात पुढे केले.

"असं कसं, काका?" मी म्हणालो.

दोघं भाऊ माझ्याकडे वळले.

"असा फुकट नको. एक डाव तरी होऊ दे. जिंकून नेला तर आप्पांनाही बरं वाटेल."

"निवास, राहू दे," वेल्हाळदादा हळू म्हणाले. "त्याचा हात—"

"चाली मी करतो त्यांच्या. त्यांनी नुसतं सांगायचं." मी हसलो. "दादा, तुम्ही एक नंबर आहात. हरू नये म्हणून खेळत नाही तुम्ही."

दिगंबरकाका खूश झाले होते. "बरोबर आहे पोराचं. आप्पांच्या पटावर आपण दोघं कधी बसलोच नाही, भालू. बस."

वेल्हाळदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: बसा. ते बसले.

पांढऱ्या सोंगट्या काकांच्या. ते बोट थरथरत दाखवायचे, मी उचलून ठेवायचो. काळ्या घोड्याचा एक कान डिंकानं चिकटवलेला होता. वेल्हाळदादांनी पहिल्या चार चाली पटापट केल्या. मग त्यांचं बोट घरं मोजायला लागलं. मी ते काकांना दिसावं म्हणून जरा बाजूला सरलो.

आठव्या चालीला त्यांनी घोडा फुकट पुढे केला. काका थबकले. "नक्की, भालू?"

"हो."

बाराव्याला हत्ती. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पटाकडे नाही, भावाकडे पाहिलं. पंधराव्या चालीला वेल्हाळदादांचा वजीर उघड्यावर होता आणि ते त्यांना दिसलंच नव्हतं. काकांनी तो मारला नाही. एक प्यादं उगाच पुढे ढकलायला सांगितलं. दोनदा.

"भालू," ते म्हणाले, "आपण बरोबरी करू. माझं डोकं दमलं."

वहिनी दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. वेल्हाळदादांनी पटावरून मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. विचारत होते.

मी मान हलवली. नाही.

"नको दिगू," ते म्हणाले. "खेळ."

काकांनी मग वजीर मारायला सांगितलं. त्यांच्या आवाजात राग होता. तो कुणावर होता ते मला तेव्हाच कळलं, कारण ते माझ्याकडे बघत होते. चार चालींनंतर राजा मेला. सगळा डाव सोळा मिनिटांचा. मी पटाचा फोटो काढून आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: सोळा मिनिटं. तौफिकनं हसणारी तोंडं पाठवली. रेश्मानं पाहिलं, काही लिहिलं नाही.

"पट घेऊन जा, भालू," दिगंबरकाका म्हणाले. "हरलास म्हणून काय झालं?"

"वहिनी," वेल्हाळदादा म्हणाले, "थोडं खोबरेल देता?"

वहिनींनी वाटी आणली. त्यांनी खिशातला रुमाल काढला, बोटाला तेल लावलं आणि एकेक सोंगटी पुसायला घेतली. प्यादी आधी. मग हत्ती, उंट. चिकटवलेल्या कानाच्या घोड्याला फार जपून. बत्तीसच्या बत्तीस. पुसून झाल्यावर त्यांनी सगळ्या आपापल्या घरात मांडल्या, पट उचलून पुन्हा स्टुलावर ठेवला, क्रोशाचा रुमाल घातला, वर औषधांचा डबा.

"येतो, दिगू."

२०४७

मिरजेच्या स्टँडवर बस लागायची होती. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो.

"पेन्सिलीचे आकडे तुझे ना?" त्यांनी विचारलं.

मी बसच्या पाट्या वाचायला लागलो.

"तुझेच. सातचा पाय तू असा वळवतोस." त्यांनी हवेत काढून दाखवला. "रोज रजिस्टर उतरवून घेतो मी. शेऱ्याचा रकाना मला दिसणार नाही असं वाटलं तुला?"

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. आणि तास भरायला पाच मिनिटं राहिली की जतचा वजीर गायब. मास्तर गायब. सोनालीसुद्धा. दहा मिनिटांनी सगळे परत हजर." ते हसले. "मी पण त्याच वेळेला रीडिंगला उठतो, निवास. जतमध्ये कुणी क्लोरीन मोजत नाही."

"मग खेळत का राहिलात?"

"मला आवडत होतं."

बस आली, दुसऱ्या गावाची निघाली, गेली.

"आप्पांनी मला कधी एक डाव जिंकू दिला नाही. खेळूच दिलं नाही म्हण. आणि इथं तिघं माणसं रोज कामातून वेळ काढून माझ्याशी हरतायत, वर आकडा लिहून ठेवतायत. मला वाटलं, निवृत्ती जवळ आलीय, पोरांनी काहीतरी गंमत काढलीय आपल्यासाठी. आकडा खोटा, ते मला कळत होतं रे. पण हरायला तुम्ही खरंच बसत होतात की."

"मग भावाकडे कशाला गेलात?"

"आकडा दाखवायला. त्यानं पट दिला असता, मी आणला असता. दिलाच होता. त्यात खेळायचं कुठं होतं?" त्यांनी हाताचा वास घेतला. तेलाचा येत असणार. "तू म्हणालास खेळा. मला वाटलं, ह्याला खेळातलं कळतं. ह्याला माझ्यात खरंच काही दिसलं असेल."

मी घड्याळ बघितलं.

"एकच सांग," ते म्हणाले. "बरोबरीला नाही का म्हणालास?"

"तुम्हीच म्हणाला होतात. हरू नये म्हणून खेळू नये."

"मी?"

"उपअभियंत्यांसमोर. रेश्मासमोर."

त्यांनी आठवून पाहिलं. मनापासून आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले.

"मी असं म्हणालो होतो?" ते म्हणाले. "कधी?"

२०४७

सोमवारी रेश्मानं खोडरबर घेऊन सहा महिन्यांचा शेऱ्याचा रकाना खोडला. कागदावर खड्डे राहिले. पान उजेडाला तिरपं धरलं की आकडे वाचता यायचे. महिनाभरानं तिनं बदली मागून घेतली. वेल्हाळदादा पाळी संपवून यायचे, आकडे उतरवायचे, जायचे. मागे उभे राहिले नाहीत, खुर्चीही ओढली नाही. निरोपसमारंभाला नारळ आणि शाल मी दिली. साइटवर ते पुन्हा आले नाहीत.

गेल्या वर्षी ते गेले. तौफिकनं फोन करून सांगितलं.

साइट अजून चालू आहे. जिथं खेळ थांबवाल तिथं आकडा थांबतो. न खेळणाऱ्याचा आकडा कमी होत नाही. जिल्ह्याच्या यादीत पहिलं नाव भालचंद्र वेल्हाळ, २०४७. बारा वर्षं मी प्रामाणिकपणे खेळतोय. पुस्तकं वाचली, क्लास लावला. माझ्या वरचे एकेक जण साइट सोडून गेले, खाती बंद करून गेले. मी १७३१. क्रमांक दुसरा.

परवा मंगळवारी, दुपारी दोनचं रीडिंग भरून झाल्यावर, मी जुना फोन काढला. त्यावर साइट उघडली, त्यांचं नाव टाकलं आणि पासवर्डच्या जागी त्यांच्या निवृत्तीची तारीख. शाल मीच दिली होती, तारीख मलाही पाठ होती.

उघडलं. मित्रांच्या यादीत चार नावं होती. जतचा वजीर, विट्याची सोनाली, तासगावकर, मास्तर चौसष्ट. चारही खाती बंद.

दोन फोन टेबलावर शेजारी ठेवले. डाव्या हातानं त्यांच्या चाली, उजव्या हातानं माझ्या. पहिल्या डावात त्यांचा घोडा फुकट दिला. दुसऱ्यात हत्ती. चौथ्यापर्यंत हात बसला, मग पाच-सहा चालींत काम व्हायला लागलं. सात डाव झाले तेव्हा ते १८९१, मी १८८७.

आठवा डाव लावला. त्यांचा वजीर उघड्यावर आणून ठेवला. माझ्या उंटाला तो एका चालीत मिळत होता. मी मारला नाही. एक प्यादं पुढे सरकवलं. मग आणखी एक.

मग डाव्या हातानं, त्यांच्या फोनवरून, मी बरोबरी मागितली.

माझ्या फोनवर प्रश्न आला: भालचंद्र वेल्हाळ बरोबरी मागत आहेत. मान्य आहे? खाली दोन बटणं होती.

तीनला पाच मिनिटं कमी होती. रीडिंगला उठायचं होतं.

मी 'नाही' दाबलं.